पडदेमास्तरांचा रस्ता

पडदेमास्तर मुंबईच्या रस्त्यात उलटे चालत. काळबादेवीसारख्या वाहत्या रस्त्यात एखादी इमारत मनात भरली, की तिच्याकडे तोंड करून ते मागे सरकायला लागत. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. मागून ट्राम येवो, हमालाची हातगाडी येवो नाही तर एखाद्या शेटजींची व्हिक्टोरिया, मास्तरांच्या लेखी पाठीमागे काहीच नसे. रत्नागिरीच्या पडदेशाळेत ही सवय लागलेली. तिथे पडद्यावर चार फटकारे मारायचे, मागे मागे जायचं आणि अंगणाच्या टोकाच्या माडाला पाठ टेकली की थांबून बघायचं, असा शिरस्ता होता. मुंबईत माड नव्हता, म्हणून मी होतो. त्यांच्या पाठीशी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिव्या खायच्या आणि वेळ आलीच तर सदरा धरून त्यांना बाजूला ओढायचं, एवढं काम माझ्याकडे असे. ते मी चार वर्षं केलं. मुकाट्याने केलं असं मात्र कुणी समजू नये.

त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहिलं तर त्यांना ओळखणारेसुद्धा 'हा कोण?' म्हणून विचारतील. पूर्णगडापासून आंजर्ल्यापर्यंत ते पडदेमास्तरच. मांडवीच्या वाटेवर त्यांची पडदेशाळा होती, म्हणजे झापांनी शाकारलेली एक लांबलचक पडवी. गावोगावच्या उत्सवात हौशी मंडळी नाटकं करत, आणि नाटक म्हटलं की पाच पडदे आलेच: राजवाडा, अरण्य, देऊळ, तुरुंग आणि रस्ता. ते मास्तर रंगवून देत. अंगाने काटकुळे, नखांत कायम निळा रंग, आणि कुठलीही गोष्ट दाखवली की पहिलं उत्तर ठरलेलं, "थांब, अजून दिसलं नाही." चहाचा पेला हातात दिला तरी आधी त्याच्यावरची वाफ बघत बसायचे. चहा निवून जायचा, आणि मग थंड चहा दिला म्हणून आमच्यावरच डाफरायचे. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. त्यांच्याबरोबर दिवस काढणं कठीण, आणि त्यांच्यावाचून उत्सव पार पाडणं त्याहून कठीण.

माझी त्यांची गाठ पडली ती मी त्यांना हसलो म्हणून. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, मुंबईत कापडाच्या एका पेढीवर कारकून होतो आणि गिरगावात मला स्वतंत्र खोली होती. माणसाला शिंगं फुटायला एवढं पुरतं. शिमग्याला मी गावी आलो होतो. आमचं गाव आरे-वारेच्या अलीकडे, रत्नागिरीपासून दोन-तीन कोसांवर. देवळापुढे मांडव घालून नाटक चाललं होतं. कोकणातला एक तरुण मुंबईत जाऊन धुळीला मिळतो, असं काहीतरी करुण कथानक. तिसऱ्या अंकात नायकाला राहत्या घरातून बाहेर काढतात आणि तो भर रस्त्यात उभा राहून आकांत करतो. रस्त्याचा पडदा खाली आला, नायकाने हात उंचावून "हे निर्दय नगरी!" असा टाहो फोडला.

त्याच्या मागे जी नगरी होती ती अशी. मुंबईत घरं चार मजली असतात, एकावर एक, असं कुणीतरी मास्तरांना सांगितलं होतं. मास्तरांनी चार घरं एकावर एक काढली होती. प्रत्येकाला कौलांचं उतरतं छप्पर, प्रत्येकाला पडवी आणि प्रत्येक पडवीपुढे तुळशीवृंदावन. वरच्या घरातली तुळस खालच्या घराच्या कौलांवर उभी. ट्राम तारेवर चालते, हेही त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणून ट्राम धोतर वाळत घालावं तशी तारेला लोंबत होती. मी हसलो. नुसता हसलो असतो तर निभावलं असतं, पण शेजारी बसलेल्या, मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गाववाल्यांना मी एकेक तुळस बोटाने दाखवून हसवलं. सगळे मुंबईकर हसायला लागले. नायकाने आवाज चढवला तशी बायकापोरंही हसू लागली. शेवटी त्याने खरोखरच कपाळावर हात मारला आणि प्रवेश अर्धा टाकून आत निघून गेला. पडद्याची दोरी हातात धरून मास्तर कडेला उभे होते. त्यांनी मान पुढे काढून कोण हसतंय ते नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ओटीवर हजर. मला वाटलं, आता भांडण होणार. आईने गूळपाणी आणून ठेवलं. माझी बायको माजघराच्या दाराआड उभी राहिली. मास्तरांनी गुळाला हात लावला नाही.

"काल तू हसलास. काय चुकलंय ते सांग."

"मास्तर, मुंबईची घरं तशी नसतात."

"मग कशी असतात?"

"म्हणजे मजले असतात. एकावर एक."

"तसंच काढलंय."

"तसं नव्हे हो. छप्पर एकच असतं, सगळ्यांत वर."

"मग मधल्या मजल्यावरचा माणूस बाहेर येऊन बसतो कुठे? जिन्यात उजेड कुठून येतो? पायऱ्या किती?"

 चार वर्षं त्या जिन्यावरून दिवसातून चार वेळा चढत-उतरत होतो, आणि मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना.

"तुला सांगता येत नाही, मला काढता येत नाही," मास्तर उठत म्हणाले. "म्हणजे मुंबई दोघांनीही बघितलेली नाही. तू आपला तिथे राहतोस, एवढंच."

त्याच दिवशी त्यांनी तो पडदा उतरवला, त्याच्यावर खडू-सरसाचा हात मारला आणि कोरा करून टाकला. देवळापुढे दहा माणसांत त्यांनी सांगितलं, "आता रस्ता बघितल्याशिवाय काढायचा नाही. आणि काढीन तो असा काढीन, की ह्याच मांडवात हेच मुंबईकर गप्प बसतील." मंडळींनी त्यांची नाना परीने समजूत घातली. पुढल्या उत्सवापुरता कसातरी एक रस्ता काढून द्या म्हणून पाय धरायचे तेवढे राहिले. मास्तर हट्टाला पेटले ते पेटलेच. परिणाम असा झाला, की पुढली चार वर्षं आमच्याकडच्या नाटकांतले रस्त्याचे सगळे प्रवेश अरण्यात होऊ लागले. मुंबईत धुळीला मिळालेला तो नायक वडाच्या झाडाखाली, दोन हरणांच्या साक्षीने निर्दय नगरीला बोल लावी.

दिवाळी उलटली, समुद्र निवळला आणि एका सकाळी माझ्या गिरगावातल्या खोलीच्या दारात मास्तर उभे. हातात पत्र्याची ट्रंक, काखेत छत्री आणि कागदांची सुरळी, खांद्याला कुळथाच्या पिठाची पिशवी. आगबोटीच्या प्रवासाने चेहरा पार उतरलेला. आत या म्हणायच्या आधीच म्हणाले, "तू हसलास ना? मग दाखव." तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर तीन आठवडे मास्तर माझ्याकडे आणि रोज दोन्ही वेळा कुळथाचं पिठलं, हे ठरूनच गेलं. पिठल्याबद्दल मी एकदा कुरकुर केली. त्यावर त्यांनी मला ते उकळताना कडेने कसं जाड आणि मध्ये कसं पातळ दिसतं ते दाखवलं. भूक लागली असताना असलं काही ऐकून घ्यायला फार सोशिक माणूस लागतो, आणि मी तसा नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी कागदाला पेन्सिल लावली नाही. मी पेढीवर गेलो की ते चाळीच्या जिन्यात बसून राहत. शेजाऱ्यांना वाटलं, माझा कुणी वेडसर चुलता आहे. शनिवारी मी परत आलो तर जिन्यातच गाठून म्हणाले, "एकोणपन्नास पायऱ्या. तेविसावी मोडकी आहे."

"असेल. मला नाही माहीत."

"तुझ्या पायाला माहीत आहे. तू रोज ती ओलांडून चढतोस. त्याने तुला कळवलेलं नाही, इतकंच."

मला राग आला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मनातल्या मनात पेढीवर जायचा रस्ता आठवू लागलो, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाला दारं किती, हेसुद्धा आठवेना. तेव्हा राग गेला आणि थोडी लाज वाटली.

रविवारी मी त्यांना कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, नव्या घुमटाच्या म्यूझियममध्ये नेलं. माझा हेतू स्वार्थी होता; तिथे निदान ट्राम अंगावर येणार नव्हती. छत्री दारातच काढून घेतली गेली. मास्तरांचं ह्या छत्रीवाचून अडे, कारण ती डोळ्यांपुढे आडवी-उभी धरून ते मापं घेत. वरच्या दालनात विलायती तैलचित्रं होती. राजेराण्यांपुढून मास्तर झपाझप चालत गेले आणि एका लहानशा चित्रापुढे उभे राहिले. परदेशातल्या कुठल्याशा गावातली अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उंच घरं, बाकी काही नाही. अर्धा तास झाला, तास झाला. मी एका बाकावर बसून पेंगायला लागलो. डोळे उघडले तर पट्टेवाला धावत येत होता. मास्तरांनी सदऱ्याच्या गळ्यातून जानवं बाहेर ओढलं होतं, ते दोन्ही हातांत ताणून चित्रासमोर तिरकं धरलं होतं, आणि एक डोळा मिटून ते त्याच्यावरून बघत होते.

"ओ काका, हे काय करताव? हितं पूजाबिजा नाय चालत!"

"पूजा कोण करतोय? छत्री तुम्ही काढून घेतलीत. रेघ कशाने बघू?"

"चित्राला हात लावायचा नाय."

"लावला काय? हात हवेत आहे. तू कुठचा?"

"संगमेश्वरचा."

"मग इथे ये आणि हा डोळा मीट. ही कौलांची कड बघ. ह्या खिडक्यांच्या खालची कड बघ. दोरा धर. कुठे जातात?"

पट्टेवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, पागोटं सावरलं आणि एक डोळा मिटला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आयला, सगळ्या रेघा एकाच जागी जातात की!"

"तेच तर," मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ज्याने हे काढलंन तो त्या जागेच्या बरोब्बर समोर उभा होता. त्याचे पाय कुठे होते ते मला आत्ता दाखवता येईल. मी मुंबई काढली तेव्हा मी कुठेच उभा नव्हतो, सदू. ऐकलेल्या गोष्टीत माणसाला उभं राहायला जागा नसते."

ते वाक्य मी तिथेच पाठ केलं. मास्तरांना वाटलं, मी पुन्हा पेंगतोय.

मग कुठे उभं राहायचं, याचा शोध सुरू झाला, आणि त्यात दुसरी खेप गेली. मी कोटातल्या दगडी इमारती दाखवल्या. मास्तर त्यांच्यापुढे दीड दिवस उलटे चालले आणि म्हणाले, "झकास आहे. पण इथे आपलं कोण राहतं?" भेंडीबाजारात त्यांना सज्ज्यांचं नक्षीकाम आवडलं, तरी पाय तिथे ठरले नाहीत. शेवटी ते लालबागेत जाऊन पोचले, आणि तेही माझ्यावाचून. आमच्या गावची वीस-पंचवीस माणसं गिरण्यांत होती, ती सगळी तिथल्या एकाच गल्लीत राहत. खरं सांगायचं तर मी त्या गल्लीत जायचं टाळत असे. कारकून झालेल्या माणसाला गिरणीतले गाववाले चारचौघांत भेटलेले आवडत नाहीत. मास्तर मला दंडाला धरून तिथे घेऊन गेले, सार्वजनिक नळाच्या कोपऱ्यावर उभं केलं आणि छत्रीच्या टोकाने जमिनीवर दोन पावलांची जागा आखून म्हणाले, "इथून."

तिसऱ्या खेपेला गिरण्यांत संप होता. गल्लीतली आमची बरीच माणसं गावी निघून गेली होती, उरलेल्या परगावच्या लोकांची डोकी तापलेली. मी सांगितलं, ह्या वर्षी लालबागेत जाऊ नका. मास्तर गेले. नळाच्या कोपऱ्यावर उभा राहून, खिडक्या मोजून वहीत टिपणारा अनोळखी म्हातारा पाहून कुणीतरी ओरडलं, की हा मालकांचा माणूस आहे, कोण कुठे राहतो ते लिहून नेतोय. दहा-बारा जण जमले. मास्तरांना कुणी मारलं नाही, पण वही हिसकून गटारात टाकली, आणि ती बाहेर काढेपर्यंत दोन्ही वर्षांची सगळी चित्रं धुऊन गेली. संध्याकाळी मी पेढीवरून आलो तर ते खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मी वाट्टेल ते बोललो. लालबागच्या नावाने बोललो, मग त्यांच्या हट्टाच्या नावाने बोललो. "मास्तर, पुरे झालं आता. गावात एकालाही आठवत नाही की मी हसलो होतो!"

"मला आठवतं," ते म्हणाले. "पेन्सिल दे."

तीन दिवस ते खोलीबाहेर पडले नाहीत. त्यांनी ती गल्ली आठवून आठवून नव्या कागदांवर काढली. जे आठवेल ते काढायचं, आठवणार नाही तिथे कागद कोरा सोडायचा. शेवटी त्यांनी ते कागद जमिनीवर पसरले. कितीतरी जागा पांढऱ्या होत्या. मला ते बघवेना. मास्तर मात्र खूष दिसत होते. "बघ, आता कळलं. जे कोरं राहिलं ते मला दिसलंच नव्हतं. वहीत असतं तर मी समजलो असतो, की दिसलं." चौथ्या वर्षी ते परत आले ते फक्त त्या पांढऱ्या जागांसाठी. रोज पहाटे चालत लालबाग गाठायचे. गल्लीतल्या लोकांना तोवर त्यांची सवय झाली होती. नळावर भांडण लागलं, की दोन्ही बाजू मास्तरांना साक्षीला बोलवत, कारण कोण आधी आलं ते त्यांनीच पाहिलेलं असे.

त्या हिवाळ्यात पडदा रंगला. पडदेशाळेच्या दाराला त्यांनी आतून कडी लावून घेतली होती आणि कुणालाही डोकावू दिलं नव्हतं. शिमग्याला मी गावी गेलो तेव्हा मास्तर मला भेटलेसुद्धा नाहीत. पुन्हा तेच नाटक, तोच नायक, फक्त तो आता चांगला पोट सुटलेला. मांडवात आमचे सगळे लालबागकर पुढे बसले होते. तिसरा अंक सुरू झाला आणि माझ्या छातीत धडधडू लागलं. माझ्या लग्नातही एवढं धडधडलं नव्हतं.

पडदा खाली आला. ओलसर काळी फरसबंदी, दोन्ही बाजूंना चार-चार मजले, लाकडी कठड्यांच्या लांबच लांब गॅलऱ्या, पत्र्याचे नळ, काजळी धरलेल्या भिंती, आणि दूर टोकाला गिरणीची चिमणी. मांडवात चिडीचूप झालं. कुणी खोकललंसुद्धा नाही. नायकाने टाहो फोडला. तेवढ्यात पुढून कुणीतरी अर्धवट उठत म्हणालं, "अरे, ही आपली चाळ!" मग काय विचारता, सगळेच उठले. ही माझी खिडकी, तो तुझा नळ, तिसऱ्या मजल्याचा तो वाकलेला गज. नायक बिचारा रडत होता आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. प्रवेश याही वेळी अर्धाच राहिला. मी आत धावलो आणि मास्तरांचे दोन्ही हात धरले. "मास्तर, जिंकलात!" ते दोरीची गाठ मारत होते. "गप्प बसले खरे," एवढंच म्हणाले.

पण मास्तरांची खरी आठवण मला आहे ती दुसऱ्या सकाळची. पडदा अजून तसाच टांगलेला होता, दिवसाच्या उजेडात. विहिरीवर निघालेल्या बायका घागरी घेऊन मांडवात शिरल्या. आदल्या दिवशी त्या मागे, बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, त्यांना नीट दिसलं नव्हतं. त्यांतल्या एकीनेही मुंबई पाहिलेली नव्हती. नवरे, मुलगे, दीर तिकडे. मास्तर रंगाची मडकी आवरत होते. आम्ही पाच-सहा मुंबईकर कडेला विड्या ओढत उभे होतो. गोदाबाय म्हणून एक होती. तिचा नवरा आठ वर्षांत गावी फिरकला नव्हता. वर्षाकाठी एखादं पत्र यायचं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "मास्तर, एक इचारू? आमचं मानूस म्हणतं, तुला आणायला जागा नाय. आणि हितं तर एवढ्या खिडक्या हायत."

 लालबागकरांनी माना खाली घातल्या. तिथे आपण कसे राहतो, ते त्यांच्यापैकी एकानेही आपल्या बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी मडकं खाली ठेवलं. "एका खिडकीमागे वीस जणं राहतात, बाय. दहा कामावर जातात तेव्हा दहा झोपतात. मग ते उठतात, हे पडतात. उन्हाळ्यात बाहेर गॅलरीत."

"मग अंथरुणं कुठं हायत? हितं तर एक पन दिसत नाय."

मास्तर पडद्याकडे वळले. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना गटारातून वही काढल्यावरही इतकं उतरलेलं पाहिलं नव्हतं. "कठड्यावर असतात," ते म्हणाले. "वाळत घातलेली. सगळ्या कठड्यांवर. मी चार वर्षं रोज बघितली. मला वाटलं, नाटकाच्या पडद्यावर कुणाची अंथरुणं कशाला."  मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "शिडी आणा रे. गोदाबाय, तुझ्या माणसाची वाकळ कशी आहे ते सांग."

आमच्याकडे माणूस मुंबईला निघाला, की घरची बाई आपल्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून त्याच्याबरोबर देते. तिच्यातला तुकडान् तुकडा तिला ठाऊक असतो. गोदाबायने सांगितलं: मध्ये हिरवी, कडेने तांबडी पट्टी, एका कोपऱ्याला चौकडीचं ठिगळ. मास्तर शिडीवर चढले आणि तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर ती वाकळ वाळत पडली. तांबडा रंग त्यांनी चांगला ठसठशीत भरला. गोदाबाय खालून बघत होती.

"एवढा तांबडा नको, मास्तर. आठ वर्सं उन्हात वाळतीय ती."

मास्तर शिडीवरून खाली उतरले. चुलीतली राख मागवून त्यांनी ती तांबड्यात कालवली, पुन्हा वर चढले आणि पट्टी विटवली. गोदाबायने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मग दुसरी पुढे झाली, तिसरी झाली. घागरी तिथेच राहिल्या. दुपारपर्यंत बायका सांगत होत्या आणि मास्तर वाकळा टांगत होते. निळी, काळ्या काठाची, विरलेली, उंदराने कुरतडलेली. एकेक वाकळ लागली की आमच्यातला तिचा मालक खालच्या मानेने मांडवाबाहेर निघून जाई.

माझी बायकोही त्यांत उभी होती. मास्तरांनी तिला विचारलं, "तुझी कशी आहे गो?"

ती खाली बघत म्हणाली, "आमची ह्या रस्त्यावर नाही. ती गिरगावात आहे. तिथेही जागा नाही म्हणतात."

माझ्या त्या खोलीत मास्तर चार वर्षं पाय पसरून झोपले होते. शिडीवरून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलतील. पण ते कुंचला मडक्यात बुडवून पुढच्या बाईकडे वळले. ते बोलले असते तर मी भांडलो असतो, कारणं दिली असती. न बोलल्यामुळे काही इलाज उरला नाही. त्या खेपेला परतीच्या आगबोटीत मी एकटा नव्हतो. मास्तर आम्हाला पोचवायला बंदरावर आले होते. होडीत बसताना त्यांनी कुळथाच्या पिठाची पिशवी माझ्याऐवजी तिच्या हातात दिली.

पुढच्या दिवाळीला आम्ही वाट पाहिली. मास्तर आले नाहीत. दमा वाढला होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले. तेव्हा आगबोटी बंद, घाटाने पोचायला दिवसच्या दिवस लागत, आणि पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तेराव्यालाही दोन दिवस उलटले होते. मी जिन्यात बसून रडलो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी कारण विचारलं. माझे मास्तर गेले म्हणून सांगितलं, तर एकाने विचारलं, कुठल्या शाळेतले? 

दोन-तीन वर्षांनी बोलपट आले आणि गावच्या मंडळींनाही नवं काही करावंसं वाटू लागलं. घाटावरून एक पेंटर आला. त्याने सगळे पडदे पाहिले आणि रस्ता नव्याने रंगवून द्यायचं कबूल केलं. विजेचे दिवे, मोटारी, सगळं अगदी ताजं. फक्त ही कठड्यांवरची लक्तरं पुसावी लागतील, म्हणाला. मी गणपतीला गावी आलो होतो, बैठकीत हजर होतो. मंडळी राजी झाली. मीही, मला सांगायला लाज वाटते, गप्प बसलो. गोदाबाय देवळात केर काढत होती. केरसुणी हातात तशीच धरून ती पुढे आली आणि पेंटरला म्हणाली, "रस्ता काय पायजे तो काढा. मोटारी काढा, दिवे लावा. पन वाळत घातलेलं उचलायचं आसल, तर जिचं तिला इचारा."

घरोघर जाऊन विचारायला कुणी तयार होईना. पडदा तसाच राहिला.